प्रदर्शन उठतें, ग्रंथ उरतो

चित्रांचें प्रदर्शन मुळांतच अल्पायुषी असतें. मुदत संपली कीं भिंती मोकळ्या होतात, चित्रें आपापल्या मालकांकडे परत जातात आणि प्रेक्षकांच्या मनांत एक पुसट संस्कार तेवढा राहतो. परंतु त्या निमित्तानें एखादा चांगला ग्रंथ निघाला तर त्या चार दिवसांच्या सोहळ्याला इतिहासांत कायमची जागा मिळते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें १९३६ सालीं भरविलेलें ‘घनवाद आणि अमूर्त कला’ हें प्रदर्शन याचें ठळक उदाहरण होय.

हें संग्रहालय १९२९ सालीं स्थापन झालें, तेव्हां त्याचे पहिले संचालक आल्फ्रेड बार अवघे २७ वर्षांचे होते. ज्यांत ओळखीची वस्तु वा व्यक्ति दिसत नाहीं, त्या रंगरेषांना कला म्हणावें काय, हा त्या काळीं नुसता रसिकांचा वाद नव्हता. या प्रदर्शनासाठीं परदेशांतून आलेल्या शिल्पांपैकीं १९ शिल्पांना कलाकृति मानण्यास अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनीं नकार दिला. मनुष्याचें वा प्राण्याचें यथार्थ रूप त्यांत नाहीं, हा त्यांचा आक्षेप. अखेर संग्रहालयाला हमी भरून तीं देशांत आणावीं लागलीं.

युरोपांत तर कलावंतांच्या जिवावरच बेतलें होतें. रशियन चित्रकार मालेविच यानें १९२७ सालीं आपलीं चित्रें बर्लिन येथें प्रदर्शनासाठीं नेलीं आणि तीं तेथेंच ठेवून तो मायदेशीं परतला. पुन्हा तीं त्याच्या दृष्टीस पडलीं नाहींत. १९३५ सालीं तो निवर्तला. नाझी राजवटींत हीं चित्रें हानोवरच्या संग्रहालयांत दृष्टीआड ठेवलेलीं होतीं. त्याच वर्षीं बार तेथें गेले आणि त्यांतील दोन चित्रें छत्रींत गुंडाळून त्यांनीं जर्मनीबाहेर काढलीं. हा व्यवहार पुढें वादग्रस्त ठरला, आणि १९९९ सालीं मालेविचच्या वारसांशीं संग्रहालयाला समझोता करावा लागला.

प्रदर्शन २ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत चाललें. बार यांनीं लिहिलेला ग्रंथ मात्र टिकला. त्याच्या वेष्टनावर त्यांनीं आधुनिक कलेची जणू वंशावळच छापली होती. वरच्या टोकाला १८९० च्या सुमाराचे सेझान, गोगँ, व्हान गॉग प्रभृति चित्रकार. त्यांच्यापासून बाणांनीं खालीं उतरत जाणारे पंथ. आणि १९३५ च्या रेषेवर अमूर्त कलेच्या दोन शाखा, एक भूमितीय व दुसरी अभूमितीय. राजसत्तेच्या हातून छळ सोसणाऱ्या चित्रकारांचें स्मरणहि बार यांनीं ग्रंथांत केलें. तें किती समयोचित होतें हें लौकरच दिसून आलें. १९३७ सालीं म्यूनिक येथें नाझींनीं ६०० हून अधिक आधुनिक कृति ‘अधःपतित कला’ म्हणून विटंबनेसाठीं मांडल्या. त्याचीहि पुस्तिका निघाली. तिच्या मुखपृष्ठावर ज्याचें शिल्प छापून हेटाळणी केली गेली, तो ओटो फ्रॉइंडलिख १९४३ सालीं छळछावणींत मारला गेला.

बार यांची वंशावळ निर्दोष नव्हती. तिच्यांत कलावंतांपेक्षां पंथांना महत्त्व होतें, आणि सर्व बाण ठराविक दिशेनेंच वाहत होते. त्याच संग्रहालयानें २०१२ सालीं अमूर्त कलेच्या उगमावर नवें प्रदर्शन भरविलें, तेव्हां वंशवृक्षाऐवजीं कलावंतांच्या परस्परसंबंधांचें जाळें रेखाटलें. जुन्या नकाशाची चूक दाखवावयासहि तो नकाशा जपून राहावा लागतो. १९३६ च्या त्या ग्रंथानें हेंच कार्य केलें.