मुंगीची कंबर

चेन्नईच्या दक्षिण अंगाला, पल्लीकरणैच्या दलदलीलगत, पेरुंगुडी ही वसाहत आहे. आज तेथे संगणकाच्या कचेऱ्यांची दाटी झाली आहे. अशा ठिकाणी एखादी विजेची तार कुरतडलेली सापडली, की दोष उंदराच्या माथी जातो. परंतु दक्षिणेत तारेवरचे वेष्टन कुरतडणारी एक इवलीशी पिवळसर मुंगीही आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे विध्वंसक. हे नाव तिला मिळाले १८५१ साली, आपल्या घरांत विजेची तार येण्याच्या कितीतरी आधी.

नाव देणारे टी. सी. जर्डन हे कंपनी सरकारचे मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती अधिक; पण दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची पहिली मोठी यादीही त्यांचीच. उडी मारून भक्ष्य पकडणारी ‘हार्पेग्नाथॉस’ त्यांनीच प्रथम नोंदली. मात्र त्यांच्या मुंग्यांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. सरकारी भाषेत सांगायचे, तर नोंदवहीतील शेरा उरला आणि दस्तऐवज गहाळ झाला.

हे गहाळ होणे का बाधते? घरोघर आढळणारी ‘फेरो’ मुंगी घ्या. लिनियसने तिला १७५८ सालीच नाव दिले होते. तीही पिवळसर, दोघींच्या कंबरेला दोन गाठी, दोघींच्या मिशांना बारा पेरी आणि टोकाची तीन पेरी फुगीर. लांबीवर विसंबावे, तर विध्वंसक मुंगीच्या एकाच वारुळात लहानमोठ्या कामकरी मुंग्या असतात. अखेर भिंगाखाली खूण सापडते ती कातडीवर. फेरो मुंगीचे डोके आणि वक्ष बारीक ठिपक्यांनी खरबरीत, निस्तेज. दुसरीचे गुळगुळीत व चकचकीत, केवळ डोक्याच्या मागल्या काठाला आडव्या सूक्ष्म रेघा. या दोघींना दीर्घकाळ ‘मोनोमोरियम’ या एकाच वंशात बसविले जात असे. २०१५ साली जनुकांच्या तुलनेवरून विध्वंसक मुंगी निराळ्या वंशात गेली. बहिणी म्हणून ज्यांना ओळखत होतो, त्या दूरच्या नात्यातल्या निघाल्या.

पुण्यात नेमके उलटे घडले. तेथे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातील अधिकारी आर. सी. रॉटन मुंग्या गोळा करीत. ते नमुने स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवीत. हे फोरेल व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ! पुण्याहून आलेल्या एका बारीक मुंगीसाठी फोरेल यांनी १८९० साली ‘एमेरिया’ हा नवाच वंश कल्पिला. पुढे दोन वर्षांत तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. ती होती ‘कार्डिओकाँडिला’ या परिचित वंशातील जातीचा नर. परंतु बिनपंखी आणि कामकरी मुंगीसारखा दिसणारा. मुंग्यांचे नर पंखधारीच असावयाचे, या समजुतीने थोरामोठ्यांनाही चकविले. त्याच १८९२ साली रॉटन यांनी मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या शीर्षकाखाली लेखन केले.

रॉटन यांचे नाव त्या मुंगीला कायमचे चिकटले. १९२९ मध्ये व्हीलर यांनी फॉर्मोसातील तिचा एक काळपट प्रकार नोंदविला, त्याला ‘ऑब्स्क्युरिओर’, म्हणजे ‘अधिक काळा’ म्हटले. रंगाचा भेद तो केवढा, तेव्हा ती केवळ उपजात ठरली. जर्मन संशोधक बर्नहार्ड झायफर्ट यांनी डोके, कंबर आदी अवयवांची सूक्ष्म मापे घेऊन २००३ साली ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखविले. मग ‘रॉटन’ हे नाव दोघींपैकी कोणाकडे राहावयाचे? मूळ नमुना पुण्याचा होता, म्हणून ते पुण्याच्या मुंगीकडेच राहिले.