पाँडेचरीचें हस्तांतर

परक्याच्या ताब्यांतील मुलूख सोडवावयाचा तर समर किंवा संधि हे दोनच मार्ग, असें आपण मानतों. पैकीं संधीचा मार्ग सोपा वाटला, तरी त्यांत एक बिकट घाट असतो : देणाऱ्याची अब्रू राखून त्याच्याकडून आपलें परत घेणें. पाँडेचरीच्या हस्तांतराचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१९४७ सालीं भारतांत फ्रान्सचीं पांच ठाणीं उरलीं होतीं. फ्रान्सच्या १९४६ च्या राज्यघटनेप्रमाणें तेथील रहिवाशांच्या संमतीवांचून कोणताही मुलूख सोडतां येत नसे. म्हणून जून १९४८ मध्यें उभय सरकारांनीं लोकमताचा निर्णय मानण्याचें ठरविलें. चंद्रनगरच्या मतदारांनीं १९४९ सालीं ७,४७३ विरुद्ध ११४ मतांनीं भारताचा पक्ष घेतला. पाँडेचरी, कारिकल, माहे व यानम यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला.

मे १९५४ मध्यें इंदोचीनांत दिएन बिएन फू पडलें, पुढील महिन्यांत मेंदेस-फ्रान्स हे फ्रान्सचे पंतप्रधान झाले, आणि वाटाघाटींस वेग आला. १८ ऑक्टोबर रोजीं कीळूर येथें १७८ लोकप्रतिनिधींपैकीं १७० जणांनीं विलीनीकरणास कौल दिला. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. स्वामित्वाचा तह मात्र १९५६ सालीं झाला, आणि फ्रेंच पार्लमेंटनें त्यास मान्यता दिली ती अल्जीरियाचें युद्ध थांबल्यावर, १९६२ सालीं.

कारभार भारताचा आणि स्वामित्व फ्रान्सचें, ही आठ वर्षांची विसंगति कायदेपंडितांस खटकेल. पण खरी मुत्सद्देगिरी तिच्यांतच आहे. प्रजेस हवें होतें तें लगेच मिळालें. फ्रान्सच्या अभिमानास जें जड जात होतें त्यास अवधि मिळाला. लोकप्रतिनिधि अन्यथा ठरवीपर्यंत फ्रेंच ही राजभाषा राहावी, असेंही तहांत मान्य झालें. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे : कीळूर येथें बोलले ते प्रतिनिधि, सामान्य माणसास चंद्रनगरप्रमाणें स्वतः कौल देतां आला नाहीं.

याच्या शेजारीं गोव्याचें उदाहरण ठेवून पाहावें. भारतानें १९५० सालीं पोर्तुगालकडे बोलणीं मागितलीं. पोर्तुगालनें १९५१ सालीं घटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींस ‘सागरापलीकडील प्रांत’ हें नांव दिलें. म्हणजे सोडण्याजोगी वसाहत आपणांजवळ नाहींच! अखेर डिसेंबर १९६१ मध्यें भारतीय सैन्य गोव्यांत शिरलें, आणि लिस्बननें ती वस्तुस्थिति मान्य केली १९७४ सालीं. फ्रान्सनें मुलूख आधीं सोडला व हक्काचें नांव मागाहून; पोर्तुगालनें नांवाच्या हट्टापायीं बोलण्याची वाटच बंद केली.