क्षीण सिग्नल सावरण्याची दोन घराणी

तांब्याच्या तारेतून जाणारा विजेचा सिग्नल अंतराबरोबर दुबळा तर होतोच, शिवाय पसरट होतो. त्यातले उच्च वारंवारतेचे घटक आधी गळतात, स्पंदांच्या कडा बोथट होतात आणि एक स्पंद पुढच्यावर सांडतो. यावर फार पूर्वीपासून दोनच उपाय चालत आले आहेत. आलेला सिग्नल आहे त्याच रूपात सावरून, वाढवून पुढे धाडायचा. नाहीतर तो वाचून, त्याचा अर्थ ठरवून, नव्याने लिहायचा. आजच्या संगणकातला रिड्रायव्हर पहिल्या घराण्यातला, रिटायमर दुसऱ्यातला.

या दुखण्याचा पहिला मोठा फटका 1858 मध्ये अटलांटिकखालच्या तारेला बसला. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचायला सुमारे 16 तास लागले. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी काही वर्षे आधीच गणिताने दाखवले होते की तारेची लांबी दुप्पट झाली की संदेशाची दिरंगाई चौपट होते. पण तारेच्या विद्युत बाजूची सूत्रे वाइल्डमन व्हाइटहाउस या शल्यवैद्याच्या हाती होती. त्याने जोर वाढवण्याचा सोपा मार्ग धरला आणि सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेली तार काही आठवड्यांत मुकी झाली. नुसता जोर लावून तोटा भरून निघत नाही, हा धडा महागात मिळाला.

1870 मध्ये मुंबई समुद्री तारेने एडन आणि सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. या मार्गावरच्या ठाण्यांत एका तारेवर आलेला संदेश तारबाबू वाचत आणि पुढच्या तारेवर पुन्हा ठोकत. तोटा तिथेच संपे, नवा स्पंद कोऱ्या ताकदीने निघे. रिटायमरचे काम तेव्हा माणूस करत होता, एवढेच.

टेलिफोनला ही सोय नव्हती. बोलणाऱ्याचा आवाज मधेच वाचून पुन्हा लिहिता येत नाही. तो आहे तसाच सावरावा लागतो. 1887 मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेचे प्रवर्तन वाढवले तर विकृती घटेल असे मांडले. ब्रिटिश टपाल खात्याला ते पटले नाही. शतक सरताना अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मायकेल प्युपिन यांनी ठरावीक अंतरावर वेटोळी बसवून ते सिद्ध केले. पेटंट मात्र प्युपिनला मिळाले. वेटोळी गळती कमी करत, गेलेली ताकद परत आणत नसत. ते काम निर्वात नलिकेच्या प्रवर्धकाने केले. 1915 मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणे सुरू झाले, पण प्रत्येक प्रवर्धक स्वतःचा गोंगाट आणि विकृती पुढे ढकलत होता. 1927 मध्ये हॅरल्ड ब्लॅक यांना फेरीबोटीत ऋण प्रतिपुष्टीची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलटा करून आत देण्याची, कल्पना सुचली आणि विकृती आवाक्यात आली. 1956 च्या पहिल्या अटलांटिक टेलिफोन तारेत, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही तारांत, 51-51 प्रवर्धक समुद्रतळाशी होते.

1962 मध्ये अमेरिकेत टी-1 पद्धत आली आणि आवाजाचेच आकडे झाले. सुमारे 6000 फुटांवर, पूर्वीची वेटोळी काढून त्याच जागी, स्पंद नव्याने घडवणारे पुनर्जनक बसवले गेले. दुसरे घराणे तारायंत्रानंतर पुन्हा मुख्य रस्त्यावर आले.

संगणकाच्या बोर्डावर अंतर काही इंचांचे असते, पण वेग इतका की इंचही लांब ठरतात. संगणकाचे भाग जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस या मानकाच्या 2003 च्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला 2.5 अब्ज बिट होता; तेव्हा प्रेषकानेच लागोपाठच्या सारख्या बिटांचा जोर थोडा कमी ठेवला की भागत असे. 2010 मध्ये 8 अब्ज आणि 2019 मध्ये 32 अब्ज झाले. 2019 च्या या पाचव्या पिढीत 16 गिगाहर्ट्झला 36 डेसिबल तोटा गृहीत धरलेला आहे, म्हणजे व्होल्टेज साठाव्या हिश्श्याहूनही कमी उरते.

रिड्रायव्हर इथे उच्च वारंवारतेला जास्त आणि कमीला थोडे वाढवतो, म्हणजे बोर्डाने जे कापले त्याच्या उलट आकार देतो. तो स्वस्त असतो, वीज कमी खातो आणि उशीर नॅनोसेकंदाच्या अंशाएवढाच करतो. पण त्याला एक आणि शून्य कळत नाहीत, म्हणून गोंगाटही तितकाच वाढतो आणि वेळेतली अनियमित थरथर तशीच राहते. 2010 च्या तिसऱ्या पिढीपासून दोन्ही टोके आपापसांत इक्वलायझरची, म्हणजे तोटा भरून काढणाऱ्या मंडलाची, जुळणी ठरवू लागली. तेव्हा स्पंदांची उंची एकसारखी छाटणारे जुने रिड्रायव्हर त्या बोलण्यांतच अडथळा ठरले आणि उंचीचे प्रमाण कायम ठेवणाऱ्या रेषीय रिड्रायव्हरना मागणी आली.

रिटायमर घड्याळ नव्याने काढून बिट पुन्हा लिहितो. किंमत आणि काही नॅनोसेकंदांचा उशीर मोजावा लागतो. 2017 च्या चौथ्या पिढीच्या मानकाने त्याला रीतसर जागा दिली, एका दुव्यावर जास्तीत जास्त दोन. रिड्रायव्हर लॅपटॉपच्या यूएसबी आणि डिस्प्ले जोडण्यांत टिकून राहिला. 2022 च्या सहाव्या पिढीत व्होल्टेजच्या चार पायऱ्या आल्या. प्रत्येक दोन पायऱ्यांतले अंतर पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्याने रेषीय रिड्रायव्हरने वाढवलेला गोंगाट खपवून घ्यायला तिथे फारशी जागा उरलेली नाही.