कॄ धातूचा केर

अमरकोशात केरसुणी शोधायची तर पुरवर्गात जावे लागते. म्हणजे वेशी, वाडे, दारे आणि उंबरठे यांच्या शेजारी. संमार्जनी आणि शोधनी ही तिची दोन नावे, आणि तिने जे बाहेर लोटले त्याचीही दोनच: संकर आणि अवकर. अमरसिंहाने केराला नगराच्या प्रकरणात जागा दिली, ती विचारपूर्वक दिली असावी. रानात पाचोळा असतो, केर नसतो. केर व्हायला अंगण लागते, उंबरठा लागतो आणि आतले कोणते, बाहेरचे कोणते हे ठरवणारे कोणीतरी लागते.

दोन्ही शब्दांच्या पोटात धातू एकच, कॄ. किरति म्हणजे विखुरतो, उधळतो, ओततो. 'अव' लागला की खाली सांडलेले, 'सम्' लागला की एकत्र लोटलेले. हे घराणे मोठे आहे. प्रकीर्ण, संकीर्ण, विकिरण आणि खाणीला म्हणायचे ते आकर, सगळे इथलेच. किरणसुद्धा! ऋग्वेदातल्या काही जागी किरण म्हणजे बारीक धूळ असा अर्थ कोशकार देतात. झरोक्यातून आलेली तिरीप ज्याने पाहिली आहे त्याला धूळ आणि प्रकाश यांचा हा सोयरसंबंध निराळा समजावून सांगायला नको. आपला केरही याच घरचा असावा. प्राकृतात कचऱ्याच्या अर्थी कयार असा शब्द भेटतो; त्यातला 'अय' मिटून 'ए' होणे मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे. केरसुणीतली 'सुणी' ही शोधनी, सोहणी अशा पायऱ्या उतरत आलेली दिसते. हिंदीच्या काही बोलींत झाडूला सोहनी म्हणतातच. अमरकोशात जे शब्द शेजारी होते त्यांना मराठीने एकाच दोऱ्यात बांधले म्हणायचे.

'उत्' लागला की उत्कर, म्हणजे वर रचलेला ढीग. त्यापासून प्राकृतात उक्कुरुड, गुजरातीत उकरडो, मराठीत उकिरडा. मूल जगत नसे तेव्हा नव्या बाळाला केरात लोळवून किंवा उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचे, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडत नाही अशी समजूत होती. कचरू, केरू, केरबा ही नावे त्यातूनच आली असावीत, आणि वऱ्हाडातले उकंडरावही. हिंदी मुलखात त्यांचे भाऊबंद घूरेलाल. घूरा म्हणजे उकिरडाच. म्हणीही जोडीने चालतात. आपल्याकडे बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, तर माळव्यात बारा बरसांनी घूऱ्याचे दिन फिरतात.

इंदूरच्या घूऱ्याचे दिवस खरोखरच फिरले. शहराच्या कडेला देवगुराडियाला सुमारे 100 एकरांवर वर्षानुवर्षे साचलेला, काही लाख टनांचा डोंगर 2018 च्या सुमारास चाळून, निवडून उपसण्यात आला. त्या जागेला इंदूरकर अजूनही 'ट्रेंचिंग ग्राउंड' म्हणतात. ट्रेंच म्हणजे खणलेला चर. पूर्वी चर खणून त्यात घाण पुरत, ते काम नावात शिल्लक राहिले. हा खणण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता कचरा. दिल्ली-लखनौकडे गेलात तर कूडा ऐकू येतो. माळवा, गुजरात आणि महाराष्ट्र या पट्ट्यात कचरा. होळकरांबरोबर इंदुरात स्थिरावलेल्या मराठी घरांना या बाबतीत शब्द बदलावा लागला नाही. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत 'कचरा गाडी' हे दोन शब्द मराठी की हिंदी, असे विचारणेच फिजूल. शास्त्र कचऱ्याला संस्कृत कच्चरापर्यंत नेते. कच्चर म्हणजे मळका, वाईट. त्याची फोड कद् आणि चर, म्हणजे वाईट चालीचा, अशी करतात, पण तीत मागाहून संस्कृत चढवलेल्या प्राकृत शब्दाचा वास येतो. आणि हिंदीत कचरा म्हणजे कच्चे खरबूजही! मग कचरा म्हणजे अजून न पिकलेले, असे तर नसेल? व्युत्पत्तीचा कौल कच्चराकडे दिसतो, माझे मन मात्र कच्च्याकडे ओढ घेते. त्याचे कारण खताशी येईल.

कूड्याचे मूळ कूट म्हणजे ढीग, असे मानतात. पालीत उकिरड्याला संकारकूट म्हणतात, आणि हमरस्त्यावरच्या अशाच ढिगात उगवणाऱ्या कमळाचा दृष्टान्त धम्मपदात आहे. म्हणजे संकर अर्थात केर, हा अर्थ चांगलाच जुना आणि चलनी होता. मग तो गेला कुठे? मराठीत आज संकर म्हटले की संकरित गाय, संकरित ज्वारी आणि पोथीतला वर्णसंकर आठवतो. केराचा अर्थ पार पुसला गेला आहे. पण दोन्ही अर्थ एकाच प्रतिमेचे आहेत. एकत्र लोटलेले म्हणजे मिसळलेले, आणि मिसळलेले म्हणजे टाकाऊ. वस्तू घाण असते म्हणून केरात जाते असे नाही. भाताची शिते, कागद, चिंधी आणि काच आपापल्या जागी कोणीच घाण नसतात. त्यांचा संकर झाला की त्या संकर होतात. ज्या समाजाने हा विचार केरावरून माणसांवर नेला, त्यानेच केर उचलायचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच माणसांवर टाकले. वर त्यांना नावे मात्र भरजरी दिली. मेहतर हे फारसीत थोर, सरदार. अकबराने खाकरूबांना, म्हणजे धूळ झाडणाऱ्यांना, हलालखोर म्हणायला लावले, असे आईन-ए-अकबरी सांगते. आजचा 'सफाई मित्र' अर्धा अरबी, अर्धा संस्कृत. पदव्या देण्यात आपण कधीच कंजूषी केलेली नाही.

इंदुरने जे केले ते या दृष्टीने पाहिले तर संकर सोडवण्याचे काम होते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सलग पहिले येत राहिले (2023 च्या क्रमवारीत सुरतसोबत), त्यामागे झाडूपेक्षा निवडणे अधिक आहे. दारावर येणाऱ्या गाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-कचरा. पैकी शेवटच्या चारांच्या वंशावळीत फारसा रस नाही. पहिले दोन मात्र खानदानी आहेत. सुका सरळच, शुष्क, सुक्क, सुका. ओला हा आर्द्राचा वंशज. आर्द्राची ओल्ल, उल्ल, अल्ल अशी रूपे हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदवली आहेत. त्यांपैकी ओल्ल आपण घेतला आणि अल्लही टाकला नाही. आर्द्रकाचे झाले आले! तेव्हा चहासाठी आले सोलून साल ओल्यात टाकणारी इंदुरी गृहिणी दोन सख्ख्या भावंडांची भेट घालून देत असते. सुंठ सुक्या डब्याची नातेवाईक ठरली असती तर बहार झाली असती, पण शुण्ठी आणि शुष्क यांची सोयरीक जुळवण्याचा मोह टाळलेला बरा.

निवडण्याचा धंदा तसा जुनाच आहे. सराफाच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणाऱ्याला हिंदीत न्यारिया म्हणतात. न्यारा म्हणजे वेगळा. वेगळे करतो तो न्यारिया. आपल्याकडे तोच झारेकरी. केरातून सोने काढणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर भंगाराची गंमत सांगायलाच हवी. आपला भंगार म्हणजे मोडलेले, भंगलेले. त्याला नुसता एक काना द्या, भांगार झाले की कोकणीत ते सोने! कन्नडमध्ये बंगार म्हणजेही सोने, आणि ज्ञानेश्वरीतला भांगारही सोन्याच्याच अर्थाने येतो. हा संस्कृत भृंगार, म्हणजे सोन्याचा कलश, त्याचा वंश दिसतो. दोघांची कुळे वेगळी, मधे फक्त एक काना. रद्दीही अशीच फसवी. अरबी रद्द म्हणजे मुळात परत करणे, फिरवणे. नाकारणे हा अर्थ त्यातून निघाला. रद्दीवाला कागद परत फिरवतो तेव्हा शब्द आपल्या मूळ गावी पोचतो. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांनी संघटना बांधली, तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. तिने कचरा हा शब्द नावात येऊच दिला नाही, निवडलेल्या मालाची यादी दिली. हे नाव सुचवणारा चांगला कोशकार झाला असता.

आता खत. मराठीत तीन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द या दोन अक्षरांत येऊन बसले आहेत. जुनी जखम ती खत, संस्कृत क्षत. खरेदीखत, गहाणखत यातले खत अरबी, म्हणजे रेघ, लिखाण. आणि शेतातले खत? ते खात, म्हणजे खणलेला खड्डा, यावरून आले असावे. हिंदी खाद त्याचाच शेजारी. खड्ड्याचे नाव खड्ड्यात कुजणाऱ्या मालाला मिळाले, जसे चराचे नाव देवगुराडियाच्या मैदानाला. (दुसऱ्या खताचा व्यवहारही इंदुरने केला आहे. 2023 च्या फेब्रुवारीत महापालिकेने हरित रोखे विकून 244 कोटी रुपये उभे केले, नर्मदेचे पाणी शहराकडे चढवणाऱ्या जलूदच्या पंपांना सौर वीज मिळावी म्हणून. रोखा म्हणजे अरबी रुक्का, चिठ्ठी.)

खताच्या इतिहासात इंदूर हे तर पद्धतीचे नाव आहे. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. या रीतीवरच्या 1931 च्या पुस्तकावर हॉवर्डशेजारी यशवंत वाड हे मराठी नाव आहे. ते मात्र पद्धतीइतके फिरले नाही. आपल्याकडची एक पद्धत माणसाच्याच नावाची, पण ऐकणाऱ्याला ते कळत नाही. 'नाडेप' टाके हा शब्द मी आधी कुठल्यातरी बोलीतला समजत असे. तो आहे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांचा.

हॉवर्डच्या रीतीला म्हणतात कंपोस्ट. हा शब्द लॅटिन, com म्हणजे सह आणि ponere म्हणजे ठेवणे, असा जोडून झालेला. साखरेत शिजवलेल्या फळांचा फ्रेंच कंपोट त्याचाच भाऊ. एकत्र ठेवलेले ते कंपोस्ट, एकत्र लोटलेला तो संकर. उपसर्ग सारखा, घडण सारखी, आणि एक झाला खत, दुसरा झाला केर! फरक लोटणे आणि ठेवणे यात आहे. ढकलून दिले की उकिरडा. काय कशावर, किती थराने, कधी उलटायचे हे पाहून ठेवले की खत. इंदुरने आधी सोडवले आणि मग निवडून पुन्हा मिसळले. कच्चा कचरा पिकला, असे म्हणायची माझी इच्छा इथून येते.

शेणाबद्दल दोन शब्द. शेण हे छगणाचे रूप, गुजराती छाण त्याची बहीण. हिंदी गोबर मात्र गोर्वरातून आलेला दिसतो, आणि त्याचे मराठी रूप आपण फक्त वाळवून ठेवले आहे: गोवरी. 19 फेब्रुवारी 2022 रोजी देवगुराडियालाच रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्याचे नाव 'गोबरधन'. इंग्रजी आद्याक्षरे ओढूनताणून बसवलेले हे नाव माळव्याच्या कानाला परके वाटले नसणार, कारण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेणाचा गोवर्धन तिथे पुजतातच. त्या गॅसवर शहर बसगाड्या धावतात. याला आपण ऊर्जा म्हणतो, आणि वेदात ऊर्ज् म्हणजे अन्नातला पोषक रस! ताटात उरलेल्या वरणभाताची ऊर्जा होते, यात शब्दाला नवल वाटण्यासारखे काहीच नाही.

ऊर्ज हे कार्तिकाचेही नाव, आश्विनाचे इष. लक्ष्मीपूजनाची अमावास्या मराठी गणनेने आश्विनातली, माळव्याच्या गणनेने कार्तिकातली, म्हणून इंदुरात एकाच रात्री इषही असतो आणि ऊर्जही. त्या रात्री आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. प्लेगच्या दिवसांत, 1917 च्या सुमारास, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगरशास्त्रज्ञाने नेमका हाच सण धरला. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवर घरे सर्वांत स्वच्छ असतील तिथूनच जाईल, असे जाहीर केले आणि तीत घाणीचा राक्षस, प्लेगचा उंदीर आणि नव्या कपड्यांतले, फुलांनी सजवलेल्या गाड्यांसह सफाई कामगार चालवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 चा. स्पर्धा लावून शहर झाडून घ्यायची युक्ती म्हणजे इंदुरला नवी नाही.

स्वच्छ या शब्दाने मात्र ही सगळी चर्चा केराकडून पाण्याकडे वळते. सु आणि अच्छ. अच्छ म्हणजे आरपार दिसणारे, आणि अमरकोशात तो वारिवर्गात आहे, पाण्याच्या गुणांमध्ये. हिंदी 'अच्छा' त्यातूनच निवळून आला. स्वच्छ आधी पाणी होते, रस्ते नंतर झाले. इंदूरची नदी इंग्रजी कागदांत खान, आता पुन्हा कान्ह. सांडपाण्याचे नाले तिच्यापासून तोडल्याबद्दल 2021 मध्ये शहराला देशातले पहिले 'वॉटर प्लस' म्हणून गौरवले गेले. आणि 2025 च्या डिसेंबरअखेर त्याच शहराच्या भागीरथपुऱ्यात सांडपाणी पिण्याच्या नळात मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. पाण्याला वास येतो अशा तक्रारी रहिवाशांनी आधीच केल्या होत्या.

सांडपाण्यातला सांडणे हा प्राकृत छड्ड, छंड यांच्या घरचा. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे जाणूनबुजून सोडून देणे, टाकणे. आजच्या मराठीत तो चुकून हातून निसटण्यापुरता उरला आहे. भागीरथपुऱ्यात यांतला कोणता अर्थ लागू पडतो, ते चौकशीने ठरवायचे.