आवळ्याची आफ्रिकेतली भावकी

टांझानियात एक झाड वाढतं, फायलॅन्थस एंगलेरी. आपल्या आवळ्याचं शास्त्रीय आडनावही फायलॅन्थसच, म्हणजे ही भावकीच झाली.

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये माणसाच्या ६० प्रकारच्या कॅन्सर पेशींवर वनस्पतींचे अर्क तपासले जातात. तिथे या झाडाच्या सालीतून एक रसायन वेगळं केलं गेलं आणि २००९ मध्ये जाहीर झालं: एंगलेरिन-ए. किडनी कॅन्सरच्या आठपैकी पाच प्रकारच्या पेशी अगदी थोड्या मात्रेत मरत होत्या. इतर अवयवांच्या बहुतेक कॅन्सर पेशींना फारसा धक्का नाही!

कारण कळायला २०१५ उजाडलं. पेशीच्या पडद्यात टीआरपीसी-४ आणि टीआरपीसी-५ नावाची दारं असतात. एंगलेरिन ती उघडतं, आयन आत घुसतात, पेशी मरते. घोळ असा, की ही दारं शरीरात इतरत्रही आहेत. रक्तात टोचल्यावर उंदीरच दगावले. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये क्रॅश.

म्हणून ‘अमुक काढ्याने कॅन्सर बरा’ असा फॉरवर्ड आला, की आधी विचारा: काचेच्या बशीत, की माणसात? आणि तेवढ्यावरून घरात कुणालाही चालू ट्रीटमेंट सोडू देऊ नका.