तळटीप : ‘जोडी फोडा’ ही ओरड

येथे हॉकी म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात गोलरक्षक वगळून संघाचे १८ खेळाडू उतरतात. त्यांत साधारणतः १२ आघाडीचे आणि ६ बचावपटू. बचावपटूंच्या तीन जोड्या असतात. एकेक जोडी पाऊणएक मिनिट खेळून बाकावर परतते. स्टॅन्ली चषकाच्या बाद फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात. त्यामुळे मधल्या एक-दोन दिवसांत कोणाला कोणाबरोबर खेळवावे, यावर चाहत्यांचा काथ्याकूट रंगतो आणि ‘जोडी फोडा’ अशी ओरड उठते. खेळाडू बदलण्याची शेवटची संधी यजमानांना असल्याने घरच्या मैदानावर प्रशिक्षक आपली भक्कम जोडी प्रतिपक्षाच्या धोकादायक फळीसमोर उभी करू शकतो.

जोड्या बदलण्याचे ठळक उदाहरण २०११चे. पहिल्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध बॉस्टन ब्रुइन्स घरचे पहिले दोन्ही सामने हरले; दुसऱ्यात कर्णधार झ्देनो चारा आजारपणामुळे नव्हता. तिसऱ्या सामन्यापासून प्रशिक्षक क्लोद जुलियन यांनी सहा फूट नऊ इंच उंचीच्या चाराशेजारी डेनिस सायडेनबर्गला आणले. दोन्ही खंदे बचावपटू एकाच जोडीत घातले की उरलेल्या जोड्या लंगड्या पडतात, ही अशा बदलातली खरी जोखीम. तरीही बॉस्टनने ती फेरी सात सामन्यांत जिंकली. अंतिम फेरीत याच जोडीने व्हँकूव्हरच्या सेडिन जुळ्या भावांना जखडून ठेवले. १५ जून २०११ रोजी सातवा सामना ४-० असा जिंकून बॉस्टनने ३९ वर्षांनी चषक मिळवला. — संपा.