खेळाडू कोणाचा? : अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉल आणि कॉलेज बदलण्याचे नियम

विद्यार्थ्याने एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जावे, यात नवल ते काय? वडिलांची बदली होते, एखादा विषय जमत नाही, कोठे अधिक चांगले शिक्षक असतात. कागदपत्रे पुरी झाली, नव्या कॉलेजने नाव घातले, की विषय संपला. पण अमेरिकेतील कॉलेजांत या साध्या गोष्टीवरून सव्वाशे वर्षे वाद चालत आला आहे. तो वाद आहे फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांपुरता. अशा मुलाने कॉलेज बदलले, तर नव्या कॉलेजच्या संघातून त्याला लगेच खेळू द्यावे की नाही? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्याशी शिक्षण, पैसा, प्रशिक्षकाची सत्ता आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचे भवितव्य अशा चार गोष्टी बांधलेल्या आहेत. या वादाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचे, साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर धावून येऊन अडवायचे, असा हा धसमुसळा खेळ. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाला. रटगर्सने तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. त्या दिवशीचा खेळ आजच्यापेक्षा पुष्कळ वेगळा होता, पण कॉलेजच्या अब्रूसाठी मैदानावर उतरायचे, ही प्रथा तेथून सुरू झाली. पुढे पुढे तर कॉलेजचा संघ म्हणजे साऱ्या राज्याचा अभिमान होऊन बसला. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात आज एक लाखाहून अधिक माणसे बसतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

जेथे अब्रू पणाला लागते, तेथे लबाडीही शिरते. १८९६ सालची गोष्ट घ्या. फील्डिंग योस्ट हा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकत होता. त्याच्या संघाचे लाफायेट कॉलेजशी सामने झाले आणि लाफायेटने ते जिंकले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाहतात तो काय, योस्ट लाफायेटच्याच संघात! लाफायेटची गाठ होती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी. हा संघ ओळीने पुष्कळ सामने जिंकलेला. लाफायेटने त्याला सहा विरुद्ध चार असे हरवले. सामना झाला आणि योस्ट परत आपल्या जुन्या विद्यापीठात आला. १८९७ मध्ये त्याने तेथूनच पदवी घेतली. हाच योस्ट पुढे मिशिगनचा नामांकित प्रशिक्षक झाला आणि ते एक लाखाचे मैदानही त्याच्याच खटपटीने १९२७ मध्ये उभे राहिले.

त्या काळी अशा खेळाडूंना ‘भटके खेळाडू’ म्हणत. आज या कॉलेजचा, उद्या त्या कॉलेजचा. वर्गात बसण्याशी काही संबंध नाही. हजेरीपटावर नाव घालायचे ते केवळ सामन्यापुरते. प्राध्यापक मंडळींना हे खपेना. जानेवारी १८९५ मध्ये शिकागोत सात विद्यापीठांचे प्रमुख एकत्र जमले. त्यातून पुढे ज्याला ‘बिग टेन’ हे नाव पडले तो संघ उभा राहिला. खेळणारा खराखुरा विद्यार्थी असला पाहिजे आणि दुसरीकडून आलेल्याने आधी काही काळ येथे शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९०५ च्या हंगामात मैदानावर अनेक तरुण दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः लक्ष घातले. त्यानंतर कॉलेजांची एक मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती एन. सी. ए. ए. या नावाने ओळखली जाते.

तेव्हा हे ध्यानात घ्यावे की, कॉलेज बदलणाऱ्याला थांबवण्याचा नियम जन्माला आला तो चांगल्या हेतूने. विद्येच्या घरात भाडोत्री माणूस नको, एवढेच त्यामागे होते. मग बिघडले कोठे?

बिघडले ते पैशाने. १९२९ मध्ये कार्नेगी संस्थेने शेकडा-सव्वाशे कॉलेजांची पाहणी करून अहवाल काढला. त्यात असे दिसून आले की, बहुतेक कॉलेजे खेळाडूंना उघड वा चोरून मदत करतात. पुढे १९५६ मध्ये एन. सी. ए. ए.ने खेळासाठी उघड शिष्यवृत्ती देण्यास मोकळीक दिली. शिक्षणाची फी, राहणे, जेवण, पुस्तके, आणि कपडे धुण्यासाठी म्हणून महिना पंधरा डॉलर. एवढे घ्या आणि खेळा. याहून एक पैसाही घेतलात तर बाद! खेळाडूला पगार नाही. प्रेक्षकांच्या तिकिटांचे, आणि पुढे टेलिव्हिजनचे, पैसे मात्र कॉलेजला.

अशा व्यवहारात हाती आलेला खेळाडू सुटून जाऊ नये, ही चिंता कॉलेजला लागणारच. १९६४ मध्ये ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा करारनामा सुरू झाला. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने त्यावर सही केली, की इतर कॉलेजांनी त्याचा नाद सोडायचा. आणि कॉलेजात गेल्यावर बदल करायचा झाला, तर फुटबॉलच्या खेळाडूने नव्या ठिकाणी एक वर्ष नुसते बसून काढायचे. वर्गात बसावे, सराव करावा, पण सामन्यात उतरायचे नाही. कारण सांगितले जाई ते शिक्षणाचे: नव्या जागी मुलाचा जम बसावा. पण पोहणाऱ्याला किंवा धावपटूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येई. त्यांचा जम आपोआप बसतो आणि फुटबॉलवाल्याचा तेवढा बसत नाही, असे थोडेच आहे?

यावर आणखी कडी म्हणजे परवानगी. जुन्या कॉलेजने होकार दिल्याखेरीज नव्या कॉलेजने त्या मुलाशी बोलायचे नाही, आणि होकार नसेल तर पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीही द्यायची नाही. काही प्रशिक्षक तर कोणत्या कॉलेजांत जायचे नाही, याची यादीच हातात देत. बरे, प्रशिक्षकाचे स्वतःचे काय? त्याला दुसरीकडून अधिक पगाराचे बोलावणे आले, की तो हंगाम संपताच उठून जाई. तो एक वर्ष बसून राहत नसे. ज्याच्या शब्दावर विसंबून मुलगा आला, तो निघून गेला; मुलगा मात्र जागेला बांधलेला. या नियमाचे खरे दुखणे ते हेच.

बेकर मेफिल्ड या खेळाडूची हकीकत याला चांगली साक्ष आहे. २०१३ मध्ये तो टेक्सस टेक विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू, झाला. पुढे तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, तेही शिष्यवृत्तीशिवायच. तरी २०१४ चे वर्ष त्याला बसून काढावे लागले. दोन्ही कॉलेजे ‘बिग ट्वेल्व्ह’ या एकाच गटातील, म्हणून गटाच्या नियमाने त्याचा खेळण्याचा एक हंगामही कापला गेला. ज्याला कॉलेजने काही दिलेच नव्हते, त्याच्यावर हक्क कसला? जून २०१६ मध्ये गटाने यावर मत घेतले. पहिल्या दिवशी ठराव पडला, दुसऱ्या दिवशी थोडा बदलून मंजूर झाला. मेफिल्डला त्याचा हंगाम परत मिळाला आणि त्याच २०१७ च्या हंगामात त्याने हाइझमन हे सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक मिळवले.

बंधने हळूहळू सैल होत होतीच. पदवी पुरी केलेल्या, पण खेळाचा हंगाम शिल्लक असलेल्या विद्यार्थ्याला दुसरीकडे जाऊन लगेच खेळण्याची वाट २००६ मध्ये मोकळी झाली. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. हे पोर्टल म्हणजे एक मध्यवर्ती नोंदवही. मुलाने आपल्या कॉलेजला कळवायचे, कॉलेजने त्याचे नाव त्यात घालायचे, आणि मग कोणीही त्याच्याशी बोलावे. परवानगीची भानगड संपली.

एप्रिल २०२१ मध्ये फुटबॉलच्या खेळाडूलाही एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक झाली. याचा परिणाम लगेच दिसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमाचे प्रशिक्षक लिंकन रायली कॅलिफोर्नियातील यू. एस. सी. या विद्यापीठात गेले. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स काही आठवड्यांनी त्यांच्या मागोमाग गेला, एकही सामना न चुकवता खेळला आणि २०२२ चे हाइझमन घेऊन आला. याच ओक्लाहोमात सात-आठ वर्षांपूर्वी मेफिल्ड वर्षभर बसून होता!

शेवटचा बंध न्यायालयाने तोडला. दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला अजूनही थांबावे लागे. त्याविरुद्ध अनेक राज्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फेडरल न्यायालयाने त्या नियमाला तात्पुरती मनाई केली. ज्या राज्यातून योस्ट निघाला होता, तेथेच हे घडले. एप्रिल २०२४ मध्ये एन. सी. ए. ए.ने स्वतःच हा नियम काढून टाकला. अभ्यासात नियमित असलेला विद्यार्थी आता कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. साठ वर्षांचा तो जुना करारनामाही २०२४ मध्येच बंद झाला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजे खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

आता याचा खेळाडूंच्या भरतीवर काय परिणाम झाला, ते पाहू. पूर्वी प्रशिक्षक गावोगाव हिंडत. हायस्कूलच्या मुलाचा खेळ पाहायचा, त्याच्या घरी जायचे, आईबापांशी बोलायचे, आणि कच्चा मुलगा आणून दोन-तीन वर्षांत तयार करायचा. रोप लावून झाड वाढवण्यासारखे ते काम. आज प्रशिक्षकापुढे तयार झाड उभे आहे. दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षे खेळून कसाला उतरलेला वीस-एकवीस वर्षांचा गडी मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या पोराची वाट कोण पाहील? २०१७ ते २०२४ या आठ वर्षांतले हाइझमनचे सहा मानकरी कॉलेज बदललेले होते, यावरून वारे कोणीकडे वाहते ते कळेल.

संघातील जागा मात्र मोजक्याच. बाहेरून आलेल्याने एक जागा घेतली, की हायस्कूलच्या दारातील एक मुलगा मागे राहतो. विशेषतः जो उशिरा वाढतो, लहान गावात खेळतो, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही, त्याला फटका अधिक बसतो. लहान कॉलेजांचेही तसेच. त्यांनी मुलगा घडवावा आणि मोठ्याने तो न्यावा. उलट बाजूही खरी आहे. मोठ्या कॉलेजात बाकावर बसून कुजणारा खेळाडू आज लहान कॉलेजात जाऊन मैदान गाजवू शकतो. ओहायो स्टेटमध्ये राखीव राहिलेला जो बरो पदवी घेऊन लुइझियाना स्टेटमध्ये गेला आणि २०१९ च्या हंगामात त्याने त्या संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. पण पोर्टलात नाव घातलेल्या प्रत्येकाला असे दार उघडत नाही. कित्येकांना नवी जागा मिळत नाही आणि जुनी शिष्यवृत्तीही हातची जाते.

शिक्षकांनी लक्ष द्यावी अशी बाब म्हणजे पदवी. दोन वर्षे संपता पदवीच्या अभ्यासक्रमाचा चाळीस टक्के भाग, तीन वर्षांनी साठ आणि चार वर्षांनी ऐंशी टक्के पुरा झाला पाहिजे, असा एन. सी. ए. ए.चा दंडक २००३ पासून चालत आला. पण एका कॉलेजात केलेला अभ्यास दुसरे कॉलेज जसाच्या तसा धरील असे नाही. तीन ठिकाणी खेळलेल्या मुलाच्या हातात शेवटी तीन सदरे असतील आणि पदवी नसेल, अशी भीती आहे. फुटबॉलवर पोट भरण्याचे भाग्य लाभते ते फारच थोड्यांना. बाकीच्यांना आयुष्यभर पुरायची असते ती पदवीच.

या सव्वाशे वर्षांच्या कथेतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्राध्यापकांनी शिक्षणाच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण पुढे मालकांच्या कामी आले. ते पडले हे न्यायाचेच झाले. मुलगा काही कोणाच्या गोठ्यातला बैल नव्हे. पण कुंपण पडले म्हणून राखण संपत नाही. कॉलेज बदलताना मुलाला पैसे किती मिळतील, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तुझा अभ्यास तेथे धरतील का, पदवी कधी पुरी होईल, हे विचारणारा एखादा शिक्षक त्याच्या बाजूला असावा लागतो. जुन्या नियमाने हे काम करण्याचा नुसता आव आणला. नव्या मोकळिकीत ते कोणी करायचे, हे अमेरिकेतील कॉलेजांना अजून ठरवायचे आहे.